आई-बाप दाखवा, मग पिल्लू बघू

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मुलीची दहावी झाली. तिला कबूल केलं होतं म्हणून मकाऊ, म्हणजे तो मोठा परदेशी पोपट, घ्यायचं चाललंय. एका विक्रेत्याकडे 'कॅटालिना' नावाचं पिल्लू बघितलं. निळा-पिवळा मकाऊ आणि लाल मकाऊ यांचं हे हायब्रीड आहे म्हणे. वय सहा आठवडे. हातानं भरवलं की माणसाळतं, असं तो सांगतो. 'हायब्रीड शुद्ध जातीपेक्षा मजबूत, आजार कमी, आणि पुढे जोडी लावली की पैसे वसूल' हे त्याचं वाक्य. सोबत डीएनए सर्टिफिकेटही देतोय. पत्नीला शंका आहे, मला जरा कमी. काय बघून घ्यावं? (वाचक, चिंचवड)

उत्तर : माझं मत तुमच्या पत्नीच्या पारड्यात.

आधी त्या 'मजबूत'चं बघू. मी मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण १९६४ साली आलं आणि पुढे हायब्रीड आमच्याही रानात पोचलं. देशी ज्वारीपेक्षा ताट बुटकं, कणीस मात्र भरगच्च. आजी ती भाकरी हातात घेऊन म्हणायची, "ही भाकरी नव्हं, पुठ्ठा हाय." एका वर्षी आबांनी चार पैसे वाचवायला विकतचं बी न आणता घरचंच ठेवलं आणि पेरलं. रान असं उगवलं की एक ताट कमरेला, शेजारचं डोक्याच्या वर, एक फुलोऱ्यात तर दुसऱ्याचं कणीस अजून पोटरीत. येणारे-जाणारे बांधावर थांबून हसायचे. पहिल्या पिढीतला जोम आणि एकसारखेपणा दुसऱ्या पिढीत विस्कटतो, हे मला कॉलेजात शिकवायच्या आधी त्या रानानं शिकवलं होतं.

पोपटाचं गणित यापेक्षा वेगळं नाही. आईकडून आलेला एखादा लपलेला दोष बापाकडच्या चांगल्या जनुकामुळे झाकला जातो, तेवढा फायदा पहिल्या पिढीच्या पिल्लाला मिळू शकतो. आई-बाप मुळात निरोगी असतील तर कॅटालिना अगदी खणखणीत निघतं. केवळ संकर आहे म्हणून पक्षी रोगट असतो, असं मी म्हणणार नाही. पण विक्रेता सांगतो ते 'आजार कमी' ही थाप आहे. विषाणूला जात कळत नाही.

चोच आणि पिसांचा जो रोग सर्कोव्हायरसमुळे होतो, ज्याला पाळणारे पीबीएफडी म्हणतात, तो कुठल्याही पोपटाला होतो. पिसं वेडीवाकडी येतात, गळतात, चोच ठिसूळ होते, प्रतिकारशक्ती ढासळते. नेमका इलाज नाही. पॉलिओमा विषाणू मुख्यतः पिल्लांना गाठतो. संध्याकाळी पोट भरलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडतं आणि मालक म्हणतो, 'काल तर खेळत होतं.' तिसरा बोर्ना विषाणू. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मकाऊ खात-पीत असूनही झिजून मरायला लागले, तेव्हा त्या दुखण्याला मकाऊंचंच नाव पडलं होतं. मागचा विषाणू सापडायला २००८ साल उजाडलं. जठराच्या नसा निकामी होतात, दाणे जसेच्या तसे विष्ठेतून पडतात. शुद्ध निळ्या-पिवळ्याला होतं तेच कॅटालिनालाही होतं. म्हणून पिल्लाच्या रक्ताची आणि पिसांची या तिन्हींसाठी पीसीआर चाचणी करून मागा, आणि रिपोर्टवरचा रिंग नंबर पिल्लाच्या पायातल्या रिंगशी स्वतः ताडून पाहा. बोर्नाच्या बाबतीत एक 'निगेटिव्ह' पुरत नाही. हा विषाणू रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते.

आता वयाचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते 'सहा आठवडे'.

गेल्या पावसाळ्यात एक हार्लेक्विन माझ्या टेबलावर आलं. हार्लेक्विन म्हणजे निळा-पिवळा आणि हिरव्या पंखांचा लाल मकाऊ यांचा संकर. वय आठ आठवडे, वजन ६४० ग्रॅम. त्या वयाच्या पिल्लाचं वजन यापेक्षा चांगलंच जास्त हवं. घरच्यांची तक्रार अशी की, भरवलेलं छातीवरून ओघळतंय. त्यांना वाटलं तोंडातून सांडतं. पिसं बाजूला केली तर गळ्याखालच्या पिशवीला, म्हणजे क्रॉपला, रुपयाएवढं भोक. आठवडाभरापूर्वी कोणीतरी पेज मायक्रोवेव्हमध्ये गरम केली होती. वरून बोट लावून बघितलं, कोमट लागली. मधला गोळा उकळता होता. भाजलेली कातडी चार-पाच दिवसांनी मरते आणि मग भोक पडतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात काय घडलं ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. घरातल्या सुनेचा चेहरा बघून मी कोणी गरम केली ते विचारलं नाही. मेलेला भाग स्पष्ट होईपर्यंत थांबून मग टाके घातले. पिल्लू जगलं. आता माझ्या बोटाला चावतं, बरं वाटतं.

ही चूक त्या बाईंची नाही. पिल्लाला भरवणं हे शिकून घ्यायचं काम आहे. पेज ४० अंशांच्या आसपास हवी, थर्मामीटरनं मोजलेली. गार झाली तर क्रॉप रिकामा होत नाही, आतल्या आत आंबतं. घाई केली तर श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू हातातच मरतं. विक्रेते लहान पिल्लू विकतात कारण भरवायचे तीन महिने आणि त्यातली जोखीम तुमच्या गळ्यात पडते. 'हातानं भरवलं तरच माणसाळतं' हे त्या व्यवहाराला चढवलेलं गोड वेष्टन. मोठ्या मकाऊचं पिल्लू स्वतः पोटभर खायला शिकायला साधारण चार महिने घेतं, कधी त्याहून जास्त. ते दाणे, फळं, पेलेट (तयार गोळी-खाद्य) आपापलं खातंय आणि सलग आठवडाभर वजन टिकवून आहे, हे बघितल्यावरच पैसे द्या. माणसाळणं तुमच्या बसण्या-उठण्यावर आहे, सिरिंजवर नाही.

डीएनए सर्टिफिकेटबद्दल बहुतेक सगळे फसतात, तुम्हीही फसू शकता. तो कागद फक्त नर की मादी एवढंच सांगतो. आई कोण, बाप कोण, रक्त किती जवळचं, यातलं काहीही त्यात नसतं. मी अशा कागदांना फ्रेम केलेलं पाहिलंय. तुम्हाला आई-बाप डोळ्यांनी बघायचे आहेत. एका पिंजऱ्यात एक निळा-पिवळा आणि एक लाल बसलेला दिसला तर ठीक. 'फार्म दुसरीकडे आहे, फोटो दाखवतो' म्हणाला तर मी चहा पिऊन निघून येईन. विक्रेता ज्याला कॅटालिना म्हणतो ते कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं असेल, भावा-बहिणीच्या जोडीचंही असेल. मग पहिल्या पिढीचा तो जोम राहतच नाही, उलट झाकलेले दोष उघडे पडायला लागतात.

यातूनच 'जोडी लावून पैसे वसूल' याचं उत्तर येतं. मोठ्या मकाऊंचे संकर बऱ्याचदा वांझ नसतात, अंडी भरतात, पिल्लं होतात. कॅटालिना पुन्हा लाल मकाऊशी लावलं की त्याला कॅमलॉट म्हणतात. अशी नावं व्यापाऱ्यांनी ठेवलेली आहेत, शास्त्रात त्यांना जागा नाही. पण दोन कॅटालिनांची पिल्लं आबांच्या रानासारखी निघतात, एक इकडे गेलेलं, एक तिकडे. आणि त्यातलं एखादं पुरेसं लाल निघालं की कोणीतरी ते 'शुद्ध लाल मकाऊ' म्हणून विकतो. शुद्ध जातीच्या पाळीव पक्ष्यांत अशी भेसळ एकदा शिरली की काढता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर संकर पाळला असता, लाड केले असते, पण त्याची वीण घेतली नसती. आणि मकाऊ मोठा होऊन जोडी जमवून अंडी घालेपर्यंत तुमच्या मुलीचं बहुधा कॉलेज संपलेलं असेल. पैसे वसूल करायचे असतील तर मुदत ठेव बरी.

कायद्याचंही बघून घ्या. वन्यजीव व्यापाराच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात लाल मकाऊ पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे आणि निळा-पिवळा दुसऱ्यात. संकर झाला म्हणून सुटका नाही. मागच्या चार पिढ्यांत परिशिष्टातला पूर्वज असेल तर संकरही त्यात धरतात, आणि आई-बापांची परिशिष्टं वेगळी असली तर दोन्हींतलं कडक ते लागू होतं. म्हणजे तुमचं कॅटालिना लाल मकाऊच्या रांगेत. आपल्याकडे अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये आले. नोंद 'परिवेश' पोर्टलवर करायची असते. विक्रेत्याकडे आई-बापांची आणि पिल्लाच्या जन्माची नोंद आहे का ते विचारा. पायात बंद रिंग हवी. ती अगदी लहानपणीच पंजातून सरकते, मोठ्या पक्ष्याच्या पायात घालता येत नाही. जोडलेली किंवा कापून दाबलेली रिंग दिसली तर काहीतरी पाणी मुरतंय.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा, न कळवता. पिल्लू शांत बसलेलं असताना शेपूट श्वासागणिक वर-खाली हलतेय का बघा. हलत असेल तर छातीत बिघाड आहे. नाकपुड्या कोरड्या हव्यात. छातीच्या मधलं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर पिल्लू उपाशी आहे. ताज्या विष्ठेत तीन भाग वेगळे दिसतात : हिरवट किंवा तपकिरी गोळी, पांढरा भाग, पाणी. पेज खाणाऱ्या पिल्लाचं पाणी जास्त असतं, त्याला घाबरू नका, पण पांढऱ्याचा रंग हिरवा-पिवळा दिसला तर सोडून या. घरी आणल्यावर आधीचा एखादा पक्षी असेल तर नव्याला चाळीसेक दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आणि पहिल्याला भरवून मग दुसऱ्याकडे जा, उलट नाही. वजन रोज सकाळी उपाशीपोटी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. घरात सासू-सासरे असतील तर पोपटताप या आजाराचंही ध्यानात असू द्या. पोपटाच्या विष्ठेच्या धुळीतून तो माणसाला होतो आणि न्यूमोनियासारखा दिसतो. ताप-खोकला हटत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना 'घरात पोपट आहे' हे आपणहून सांगा, ते विचारत नाहीत.

राहता राहिलं आवाजाचं. तुम्ही दुकानात ऐकला तो पिल्लाचा. वयात आलेल्या मकाऊचा एकदा सकाळी सहाला ऐकून या, सोसायटीच्या सेक्रेटरीला सोबत घेऊन गेलात तर उत्तम. आणि हा पक्षी पन्नास वर्षं जगू शकतो. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार ते आजच ठरवा. मला वाटतं त्या 'कोण'चं उत्तर तुमच्या पत्नीला आधीच ठाऊक आहे, म्हणून त्यांना शंका येतेय.

प्रश्न : माझ्याकडे लव्हबर्डची कॉलनी आहे. दोन वर्षांपूर्वी पीचफेस नर आणि फिशर मादी यांची आपोआप जोडी जमली, चार पिल्लं झाली, रंग फार सुंदर. त्यातल्या दोघांची जोडी आता लागते, मादी अंडी घालते, पण दर वेळी सगळी खाली जातात, एकातूनही पिल्लू निघत नाही. खाद्यात काय वाढवू? (वाचक, सांगली)

उत्तर : काही वाढवू नका, घरट्याचं मडकं काढा.

(इतर वाचकांसाठी : आपल्याकडे बाजारात बजरीगरला सरसकट लव्हबर्ड म्हणतात. हे पत्र खऱ्या, आफ्रिकन लव्हबर्डांबद्दल आहे.)

आधी एक शक्यता तपासा. दोन्ही माद्या असू शकतात. त्याही जोडीसारख्या चोचीत चोच घालून बसतात आणि मडक्यात आठ-दहा अंडी दिसतात. पिसांवरून चाचणी करून घ्या. पण नर-मादी निघाले तरी उत्तर बहुधा तेच राहील. पीचफेस आणि फिशर एकमेकांपासून पुरेसे लांबचे आहेत, त्यांची पिल्लं खेचरासारखी वांझ असतात. पीचफेसच्या डोळ्याभोवती पांढरं कडं नसतं, फिशरच्या असतं. तुमच्या पिल्लांचं कडं अर्धवट, पुसट असणार. बघा एकदा.

या संकराची एक गोष्ट मला विद्यार्थिदशेपासून आवडते. पीचफेस मादी घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या कातरते आणि पाठीमागच्या पिसांत खोचून नेते. फिशर तीच पट्टी चोचीत धरून नेते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी दोघांचे संकर वाढवले. ते बिचारे पट्टी कातरायचे, पिसांत खोचायला जायचे, नीट खोचता यायची नाही, पडायची, पुन्हा उचलायचे. चोचीतूनच न्यायचं हे बऱ्यापैकी जमायला त्यांना तीन वर्षं लागली, आणि तरी नेण्याआधी मान मागे वळायचीच. आईची सवय आणि बापाची सवय एकाच पाठीवर भांडत होत्या. तुमच्या मादीला खजुराच्या पानाच्या पट्ट्या टाकून बघा, तेवढी करमणूक तिचीही होईल.

दुसरा एक नियम आपल्याला जवळचा आहे. संकरात नर-मादीपैकी एकच वांझ किंवा दुबळं निघालं, तर ते बहुधा ज्याची लिंगगुणसूत्रं वेगवेगळी त्यातलं असतं, असं जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली मांडलं. सस्तन प्राण्यांत तो नर, पक्ष्यांत मादी. हे हाल्डेनसाहेब १९५७मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यामुळे कुठल्याही संकर जोडीत अंडी खाली जायला लागली की मी संशय आधी मादीवर घेते. तुमच्या संकरात मात्र नरही सहसा कामाचा नसतो.

आता काळजीचं. मादी दर दीड-दोन महिन्यांनी पाच-सहा अंडी घालून अंगातलं कॅल्शियम उधळतेय. एक दिवस अंडं अडकेल आणि ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली दिसेल. त्या अवस्थेत काही तासांचा प्रश्न असतो, तेल-बिल न लावता थेट पशुवैद्याकडे न्यायचं. म्हणून मडकं काढा. आत्ता अंडी असतील तर लगेच उचलू नका, नाहीतर ती पुन्हा घालेल. तीन आठवडे बसू द्या, कंटाळून उठेल. कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम ठेवा.

पुढे कॉलनीत पीचफेस एकीकडे आणि पांढऱ्या कड्याचे दुसरीकडे. पांढऱ्या कड्याच्या जातीही एकमेकांत मिसळू नका, कारण तिथे उलटा घोळ होतो. फिशर आणि मास्क यांचे संकर वांझ नसतात. केनियात नैवाशा सरोवराभोवती पिंजऱ्यातून सुटलेल्या या दोन जातींचे संकर रानात उंडारतात. आपल्याकडे बाजारात 'फिशर' म्हणून येणाऱ्यांत मास्कचं रक्त किती मुरलंय, हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही. पिल्लांपैकी एखादं कोणाला द्याल तेव्हा वांझ आहे हे सांगून द्या. सुंदर आहे, पाळायला छान आहे, एवढं पुरेसं आहे.

प्रश्न : आईला पोपट हवाय. दुकानदार म्हणतो देशी पोपटाला बंदी आहे, पण हा हायब्रीड आहे, ब्रीडिंगचा, याला चालतं. हिरवा, मोठ्या चोचीचा, खांद्यावर लाल डाग. घ्यावा का? (वाचक, अकोला)

उत्तर : नाही. खांद्यावरचा लाल डाग म्हणजे दुकानदार ज्याला पहाडी म्हणतात तो आपलाच, भारतीय पोपट. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, बाळगणंही गुन्हा आहे. यात हायब्रीड काही नाही, ढोलीतून काढलेलं पिल्लू आहे. दुकानात 'हायब्रीड' हा शब्द तीन अर्थांनी चालतो : खरा संकर, नुसता रंग बदललेली शुद्ध जात, आणि हा तिसरा, पोलीस आले तर सांगायचा. आधीच घेतला असेल तर गच्चीवरून सोडू नका, पंख कातरलेला पक्षी मांजराच्या तोंडी जातो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आईंसाठी कॉकॅटियल हा तुरेवाला छोटा परदेशी पोपट बघा, शिट्टीवर आरत्या शिकतो.

प्रश्न : सन कोन्यूर (पिवळा-केशरी छोटा पोपट) म्हणून घेतला, सात महिन्यांचा आहे, पंख हिरवेच. मित्र म्हणतात 'संडे' आहे, म्हणजे सन आणि जेंडे यांचं मिक्स. फसवलं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : इतक्यात सांगता येत नाही. शुद्ध सनचं पिल्लूही पंखांवर भरपूर हिरवं असतं, पिवळा हळूहळू चढतो. जेंडेचे पंख आणि पाठ मोठेपणीही हिरवीच राहते, संडे दोन्हींच्या मधे कुठेतरी. तब्येतीच्या दृष्टीनं काही फरक नाही. जोडी मात्र आत्ता लावू नका, कारण रानातला सन कोन्यूर संकटात आहे आणि पिंजऱ्यातला तरी शुद्ध राहावा. दोन मोसम पिसं गळून नवी येऊ द्यात. मग भर उजेडात, पंख पसरलेला फोटो पाठवा, वरूनही एक काढा.